दुकान सगळ्यांना खुलं, मग प्रकाशक कशाला?

स्टीम हे संगणकावर खेळायच्या गेमचं जगातलं सर्वांत मोठं ऑनलाइन दुकान. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून अधिक नवे गेम विक्रीला आले. म्हणजे रोजचे सरासरी ५०. त्याच्या दहा वर्षं आधी हा आकडा वर्षाकाठी दोन हजारांपर्यंतही जात नव्हता. कारण उघड आहे. गेम बांधायची साधनं जवळजवळ फुकट झाली आहेत: गोडो हे इंजिन कुणीही मोफत वापरावं, आणि अनरील इंजिनाचा ५ टक्के मोबदला गेमची कमाई १० लाख डॉलरच्या पुढे गेली तरच द्यावा. स्टीमवर माल मांडायची फी १०० डॉलर, तीही गेमने हजार डॉलरचा धंदा केला की परत मिळते. एकटा माणूस घरी बसून गेम रचतो, चितारतो, त्याला संगीत देतो आणि कुणाच्याही दारात न जाता जगभर विकायला ठेवतो. अशा काळात गेमचे प्रकाशक नामशेष व्हायला हवे होते. झालं उलटंच. स्वतंत्र निर्मात्यांचे गेम प्रकाशित करणाऱ्या छोट्या कंपन्या याच काळात ठिकठिकाणी उभ्या राहिल्या, त्यातली एक शेअर बाजारापर्यंत गेली आणि दुसरी एक मुंबईच्या कंपनीने विकत घेतली. माझं म्हणणं असं, की प्रकाशकाची गरज संपलेली नाही, पण त्याच्याजवळचा माल पार बदलला आहे. पूर्वी तो दुकानातली जागा मिळवून देत असे. आता तो जोखीम उचलतो आणि लोकांचं लक्ष वेधतो. दुकानातल्या जागेवरचा ताबा गेल्यावर, त्या ताब्याच्या बळावर तो निर्मात्याकडून जो मालकीहक्क लिहून घेत असे, तोही त्याने सोडायला हवा.

आधी एक खुलासा. आपल्याकडे गेमिंग कंपनी म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे रमी आणि फँटसी क्रिकेटच्या जाहिराती येतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. तो धंदा निराळा आणि त्याचे प्रश्नही निराळे. इथे विषय आहे तो एक माणूस किंवा पाच-दहा जणांचा गट कुठल्याही बड्या कंपनीच्या नोकरीत नसताना जो गेम तयार करतो, त्याचा. असा गेम सिनेमासारखा किंवा कादंबरीसारखा एकदाच विकत घ्यायचा आणि खेळायचा असतो. १९९० च्या दशकात तो लोकांपर्यंत पोचवायचा तर सीडी छापायच्या, खोकी करायची, ट्रक भरायचे, मोठ्या दुकानसाखळ्यांशी जागेसाठी घासाघीस करायची आणि न खपलेला माल परत घ्यायचा, एवढा सगळा पसारा होता. त्याला लागणारं भांडवल फक्त प्रकाशकाकडे असे. साहजिकच अटीही त्याच्याच. गेमचं नाव, त्यातली पात्रं, पुढचे भाग काढायचा हक्क हे सगळं बहुतेक वेळा प्रकाशकाच्या नावावर जाई आणि निर्मात्यांना रॉयल्टीचा लहानसा वाटा मिळे.

याविरुद्ध पहिलं ठळक बंड टेक्ससमध्ये झालं. माइक विल्सन, हॅरी मिलर आणि त्यांच्या साथीदारांनी १९९८ मध्ये डॅलसला 'गॅदरिंग ऑफ डेव्हलपर्स' ही कंपनी काढली. हक्क निर्मात्यांकडे राहतील आणि रॉयल्टी चांगली मिळेल, हा त्यांचा वायदा होता. गेमही चांगले मिळाले. 'मॅक्स पेन' आणि 'सीरियस सॅम' त्यांच्याच छत्राखाली आले. पण खोकी आणि ट्रक यांचा खर्च आदर्शांकडे बघत नाही. २००० मध्ये टेक-टू या बड्या कंपनीने त्यांना विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी डॅलसचं कार्यालय बंद झालं. विल्सन-मिलर जोडीने २००७ मध्ये ऑस्टिनला 'गेमकॉक' नावाने तोच डाव पुन्हा मांडला. आरडाओरडा आणि खोड्या यांत ही कंपनी कुणाला हार जाणारी नव्हती. 'बायोशॉक' या गेमला मिळालेल्या पुरस्काराच्या वेळी तिची माणसं मंचावर घुसली आणि त्यांनी विजेत्यांचं भाषण उधळलं. २००८ मध्ये तीही दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. मग २००९ मध्ये याच मंडळींपैकी काहींनी ऑस्टिनमध्येच 'डिव्हॉल्व्हर डिजिटल' सुरू केली. माणसं बरीचशी तीच, गाव तेच, तत्त्वही तेच. आणि या वेळी डाव जमला. इतिहासात असा प्रयोग क्वचितच इतका स्वच्छ हाती लागतो. माणसं आणि विचार बदलले नसतील, तर यशाचं कारण बाहेर शोधावं लागतं, आणि ते तिथेच आहे. दरम्यान स्टीमसारखी दुकानं रुळली होती. खोकं गेलं, ट्रक गेला, परतीचा माल गेला. निर्मात्याला हक्क देऊनही प्रकाशक जगू शकेल, असा हिशेब पहिल्यांदाच बसला.

डिव्हॉल्व्हरची सुरुवात मात्र नव्या कलावंतांपासून झाली नाही. क्रोएशियातल्या क्रोटीम या स्टुडिओचा जुना 'सीरियस सॅम' नव्या रूपात आणणं हे पहिलं काम. २०११ मध्ये त्याच मालिकेचा तिसरा भाग येणार होता, तेव्हा जाहिरातीसाठी म्हणून त्यांनी काही लहान स्वतंत्र गटांना सॅमवर आपापल्या पद्धतीचे छोटे गेम करायला सांगितले. त्या निमित्ताने स्वतंत्र निर्मात्यांच्या वर्तुळात त्यांचा शिरकाव झाला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, योनातान सोडरस्ट्रोम आणि डेनिस वेडीन या दोघा स्वीडिश निर्मात्यांचा 'हॉटलाइन मायामी' आला. वरून दिसणारी ढोबळ चित्रं, भडक रंग, कानात घुमणारं इलेक्ट्रॉनिक संगीत, कमालीची हिंसा आणि ती करणाऱ्या खेळाडूलाच टोचणारे प्रश्न, असं त्याचं रूप. कुठल्याही बड्या कंपनीच्या बैठकीत हा प्रस्ताव दहा मिनिटंही टिकला नसता. डिव्हॉल्व्हरने तो घेतला आणि त्या गेमने कंपनीला चेहरा दिला. त्यानंतर 'एंटर द गंजन', 'रेन्स', 'इन्स्क्रिप्शन', 'कल्ट ऑफ द लँब' अशी एक परंपराच तयार झाली. हे गेम एकमेकांसारखे नाहीत, तरी ते एकाच आवडीतून निवडलेले आहेत हे खेळणाऱ्याला कळतं. २०१७ पासून ही कंपनी लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनाच्या दिवसांत बड्या कंपन्यांच्या पत्रकार परिषदांचं विडंबन करणारी, रक्ताचे पाट वाहणारी खोटी पत्रकार परिषद इंटरनेटवर दाखवू लागली. तिच्यात गेमची माहिती थोडी आणि उद्योगाची टर जास्त. हा निव्वळ वात्रटपणा नव्हे. रोज ५० गेम येत असताना माणूस प्रत्येक गेम तपासू शकत नाही; तो कुणावर तरी विश्वास टाकतो. त्या विश्वासासाठी लागणारी ओळख डिव्हॉल्व्हरने जाहिरातींवर कोट्यवधी न उधळता, थट्टेतून कमावली.

प्रकाशक करतो तरी काय, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. 'मौज'च्या श्री. पु. भागवतांनी हस्तलिखितांवर लेखकांबरोबर किती खपून काम केलं हे आपण ऐकून आहोत. छपाई हा त्यांच्या कामाचा सर्वांत गौण भाग होता. गेमच्या प्रकाशकाचंही तसंच. चांगला प्रकाशक अर्धवट झालेला गेम खेळून बघतो आणि पहिली दहा मिनिटं कंटाळवाणी आहेत हे तोंडावर सांगतो. चुका शोधणारे परीक्षक नेमतो. संगणकासाठी केलेला गेम निन्टेन्डो, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स यांवर चालेल असा करून घेतो आणि त्या प्रत्येक कंपनीच्या तांत्रिक तपासणीतून पार नेतो. चिनी, जपानी, जर्मन, पोर्तुगीज भाषांतरं करून घेतो. स्टीमवरचे कोट्यवधी ग्राहक चिनी वाचतात, त्यामुळे हा शौक नसून धंद्याची गरज आहे. ट्रेलर कधी सोडायचा, डेमो कुठल्या महोत्सवात ठेवायचा, कुठल्या स्ट्रीमरला आधी प्रत द्यायची, सवलत केव्हा आणि किती, हे तोच ठरवतो. गेम येण्याआधी किती लोकांनी तो विशलिस्टमध्ये टाकून ठेवला आहे यावर पहिल्या दिवसाचं भवितव्य बरंचसं ठरतं, म्हणून ही तयारी वर्षभर आधीपासून चालते. आणि काही कामं अशी असतात की ती येईपर्यंत कुणाच्या ध्यानीमनीही नसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला 'बलाट्रो' हा पत्त्यांचा गेम कॅनडातल्या एकाच निर्मात्याने केला. तो लोकलथंक या टोपणनावानेच वावरतो. पोकरमधले डाव त्यात आहेत, पण पैसे लावायची सोयच नाही. तरी गेम बाजारात आल्यावर युरोपातल्या वयोमर्यादा ठरवणाऱ्या पेगी या संस्थेने त्याला जुगाराच्या कारणावरून थेट १८ वर्षांवरचा शिक्का मारला आणि काही देशांतल्या काही दुकानांतून तो तात्पुरता काढावा लागला. त्याच्या प्रकाशकाने, लंडनच्या प्लेस्टॅकने, हे प्रकरण लावून धरलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अपिलानंतर वयोमर्यादा १२ वर आली. एकट्या माणसाने हे वर्षभर निस्तरत बसायचं म्हटलं तर पुढचा गेम कोण करणार?

आता पैशाचा हिशेब मांडून बघू. आकडे मी कल्पनेने घेतले आहेत, रीत मात्र खरी आहे. चार जणांचा गट दोन वर्षं एका गेमवर काम करतो. प्रकाशक त्यांना ८० लाख रुपये आगाऊ देतो आणि चाचणी, भाषांतर, प्रसिद्धी यांवर आणखी २० लाख खर्च करतो. गेमची किंमत ५०० रुपये. स्टीमचा वाटा ३० टक्के, म्हणजे १५० रुपये; एक कोटी डॉलरच्या वर विक्री गेली की तो थोडा कमी होतो, पण आपण अजून तिथे पोचलेलो नाही. कर, परतावे, सवलती बाजूला ठेवल्या तर उरले ३५०. बहुतेक करारांत प्रकाशक आधी आपला खर्च वसूल करतो आणि मग उरलेलं वाटून घेतो. एक कोटी वसूल व्हायला साधारण साडेअठ्ठावीस हजार प्रती खपाव्या लागतात. तोवर निर्मात्यांना आगाऊ रकमेपलीकडे एक रुपयाही मिळत नाही. त्यानंतर निम्मे-निम्मे, म्हणजे प्रतीमागे १७५. गेम एक लाख प्रतींपर्यंत गेला तर निर्मात्यांच्या हाती आगाऊ रकमेसह दोन कोटी पाच लाख येतील. प्रकाशक नसता तर एवढेच पैसे साडेअठ्ठावन्न हजार प्रतींत मिळाले असते. म्हणजे वरच्या एक्केचाळीस हजारांहून जास्त प्रती प्रकाशकामुळे खपल्या असतील, तरच तो या सौद्यात स्वस्त पडला. पण उलट बाजू पाहा. गेम दहा हजारांवर थांबला, आणि बहुतेक गेम त्याहूनही आधी थांबतात, तर एकूण ३५ लाख येतील. प्रकाशकाचे ६५ लाख बुडाले. निर्मात्यांची दोन वर्षांची मेहनत फळली नाही, पण घरभाडं भरलं गेलं आणि ते ६५ लाख फेडायची जबाबदारीही त्यांच्या डोक्यावर नाही. एका गटाला असा एक फटका संपवून टाकतो. प्रकाशकाच्या यादीत मात्र वीस गेम असतात आणि एखाद्या 'कल्ट ऑफ द लँब'ला पहिल्याच आठवड्यात दहा लाख खेळाडू मिळतात. पडलेल्यांचं नुकसान तो त्यातून भरून काढतो. विमा आणि सावकारी यांच्या मधलं काहीतरी असं हे काम आहे, आणि त्याचा मोबदला मागण्यात गैर काही नाही.

मात्र जोखमीचा मोबदला पैशात मोजता येतो आणि पैशातच फेडता येतो. पात्रं, नाव, पुढचे भाग यांवर कायमचा हक्क मागायला त्यात आधार नाही. ज्यांनी हे ओळखलं त्यांचं नुकसान झालेलं दिसत नाही. एरिक बॅरोन याने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून केलेला 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ मध्ये चकलफिश या ब्रिटिश प्रकाशकामार्फत आला. पुढे बॅरोन स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि २०१८ च्या अखेरीस बहुतेक ठिकाणचं प्रकाशन त्याने आपल्याकडे घेतलं. हक्क त्याचेच असल्यामुळे हे हस्तांतर भांडणाविना झालं. 'फॉल गाइज'चं उदाहरण आणखी बोलकं आहे. मीडियाटॉनिक या लंडनच्या स्टुडिओचा हा गेम डिव्हॉल्व्हरने ऑगस्ट २०२० मध्ये आणला आणि लॉकडाऊनमध्ये घरी अडकलेल्या लोकांनी तो उचलून धरला. पहिल्याच महिन्यात स्टीमवर ७० लाख प्रती खपल्या. मार्च २०२१ मध्ये एपिक गेम्सने मीडियाटॉनिकची मालक कंपनी विकत घेतली आणि हक्क स्टुडिओचेच असल्यामुळे गेम डिव्हॉल्व्हरच्या हातून गेला. तरी डिव्हॉल्व्हर बुडाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती लंडनच्या एम (AIM) या शेअर बाजारात नोंदली गेली, तेव्हा तिचं मोल जवळपास ७० कोटी पौंड ठरलं.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा की प्रकाशक लागतोच कशाला. 'माइनक्राफ्ट' प्रकाशकाविना वाढला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. ॲडलेडच्या टीम चेरीने 'हॉलो नाइट' लोकवर्गणीतून ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर उभे करून केला आणि संगणकावर स्वतःच विकला. ही उदाहरणं खरी आहेत, पण ती जिंकलेल्यांची आहेत. दर वर्षी येणाऱ्या हजारो गेमपैकी जे कुणालाच न दिसता बुडाले त्यांची नावं अशा युक्तिवादात येत नाहीत, कारण ती कुणाला माहीतच नसतात. 'अमंग अस' याच यादीत सांगितला जातो. तो २०१८ मध्ये आला आणि जवळपास दोन वर्षं पडून होता. २०२० मध्ये स्ट्रीमर लोकांनी तो अचानक उचलला, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. तशी दोन वर्षं वाट बघण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. तरी आक्षेपातला एक भाग मी मान्य करतो. ज्याचा पहिला गेम चालला आहे, ज्याच्या मागे आधीच लाखभर लोक आहेत, त्याने दुसऱ्या गेमसाठी निम्मा वाटा कुणाला द्यायचं कारण नाही. प्रकाशक लागतो तो ओळख नसलेल्याला आणि पैसे नसलेल्याला. चांगल्या प्रकाशकाचे यशस्वी निर्माते त्याला सोडून जाणार, हे या धंद्याच्या हिशेबातच धरलेलं असायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो खुद्द डिव्हॉल्व्हरच्या वागण्यातून निघतो. निर्मात्यांच्या मालकीचा गजर करणाऱ्या या कंपनीने २०२० मध्ये क्रोटीम विकत घेतली, आणि पुढच्या वर्षी बाजारात उतरण्याआधी आणखी काही स्टुडिओ. स्वतःच्या मालकीचे गेम असल्याशिवाय प्रकाशक टिकत नाही, याची ही कबुलीच नाही का? काही अंशी आहे. शेअर बाजाराला वेळोवेळी ठाम आकडे हवे असतात, आणि पुढचा चालणारा गेम कुठला हे कुणी सांगू शकत नाही. नोंदणीनंतर दोन वर्षांत डिव्हॉल्व्हरच्या शेअरचा भाव निम्म्याच्याही खूप खाली आला. पण स्टुडिओच्या मालकांशी बसून, किंमत ठरवून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्यवहार करणं वेगळं. आणि पैशाची गरज असलेल्या नवख्याच्या करारात अकराव्या पानावर एक कलम घालून हक्क काढून घेणं वेगळं. पहिल्यात विकणाऱ्याला आपण काय विकतो आहोत याची कल्पना असते. माझा विरोध दुसऱ्याला आहे.

शिवाय हे प्रकाशक स्वतःच किती पक्के आहेत, हाही प्रश्न आहेच. जुलै २०२४ मध्ये हंबल गेम्सने आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'स्ट्रे' आणि 'आउटर वाइल्ड्स' यांचा प्रकाशक असलेल्या ॲनापूर्णा इंटरॲक्टिव्हच्या सर्व कर्मचाऱ्यांनी मालकांशी न पटल्यामुळे एकदम राजीनामे दिले. दोन्ही ठिकाणी ज्यांचे गेम अर्धवट होते त्या गटांना, आता आपल्याशी कोण बोलणार, इथपासून सुरुवात करावी लागली. करार बिघडला तर काय होतं याचा नमुना म्हणजे 'द सिंकिंग सिटी'. युक्रेनमधल्या फ्रॉगवेअर्स या स्टुडिओचा हा गेम २०१९ मध्ये आला. फ्रान्सच्या नेकॉन या प्रकाशकाशी पैसे आणि हक्क यांवरून वाद पेटला, ऑगस्ट २०२० मध्ये गेम बऱ्याच दुकानांतून गायब झाला, आरोप-प्रत्यारोप आणि कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि प्रकाशनाचे पूर्ण हक्क स्टुडिओकडे यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. कोण बरोबर, यात पडायची गरज नाही. गेमची विक्री होण्याचे सर्वांत चांगले दिवस भांडणात गेले, हे दोघांचंही नुकसान. प्रकाशक कच्चे असतात म्हणून प्रकाशकच नको, असं यातून निघत नाही. प्रकाशक उद्या नसला तर गेम कुणाकडे जाईल, हे पहिल्याच दिवशी कागदावर असावं, एवढं मात्र नक्की निघतं.

हा सगळा हिशेब आता पुण्या-मुंबईलाही लागू होतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' केला: सर्कशीतली एक मुलगी, राक्षसांनी पळवून नेलेला तिचा भाऊ, गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, आणि राजस्थानी धर्तीचे महाल. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीची त्यांची मोहीम लक्ष्य गाठू शकली नाही. पुढच्या वर्षी एपिकचं अनुदान मिळालं, नंतर सुपर डॉट कॉम हा परदेशी प्रकाशक मिळाला, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोने स्वतंत्र गेमसाठी केलेल्या जागतिक कार्यक्रमात झळकून तो त्याच दिवशी विक्रीला आला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन होतं. पुण्यातला गट असा गेम करू शकतो, हे त्यातून सिद्ध झालं. पण प्रकाशक मात्र बाहेरचा शोधावा लागला. तो भाग आता बदलू लागला आहे. मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने २०२५ मध्ये लंडनची कर्व्ह गेम्स ही कंपनी सुमारे २४७ कोटी रुपयांना विकत घेतली. लिथुआनियातल्या टोमास साकालाउस्कास याचा, कोट्यवधी प्रती खपलेला 'ह्यूमन: फॉल फ्लॅट' ज्यांनी प्रकाशित केला, ती ही कंपनी. भांडवल इथे आहे, करू शकणारी मुलं इथे आहेत, आणि कन्सोल कंपन्यांशी ओळखी असलेला प्रकाशकही आता इथल्या मालकीचा आहे. आपल्याकडे कमतरता आहे ती करार वाचण्याच्या सवयीची. चित्रपट, संगीत आणि पुस्तकं या तिन्ही क्षेत्रांत आपल्या कलावंतांनी हक्क एकदाच लिहून देऊन आयुष्यभर हळहळ केल्याचे दाखले शोधायला लांब जावं लागत नाही.

त्यासाठी एक चांगली सोय झालेली आहे. स्टॉकहोमच्या रॉ फ्युरी या प्रकाशकाने २०२१ मध्ये आपला करारनामा, निर्मात्यांशी करतो तोच, सगळ्यांना वाचायला मोकळा केला. बाकीच्यांच्या गुप्ततेच्या कलमांमुळे जे आजवर कुणाला कळत नव्हतं ते त्यामुळे तुलनेला हाती आलं. गेम करणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने आणि मुलीने तो इंजिन शिकताना शिकायच्या गोष्टींत धरावा. आपल्यापुढे करार येईल तेव्हा त्याच्याशेजारी हा ठेवावा आणि विचारावं: हक्क कुणाच्या नावावर राहणार? करार किती वर्षांचा? वसुलीत नेमके कुठले खर्च धरणार, आणि प्रसिद्धीच्या खर्चाला वरची मर्यादा काय? वसुली चालू असताना आम्हाला काही टक्के मिळणार की शून्य? हिशेब दर तिमाहीला दाखवणार का, आणि तो तपासायचा हक्क आम्हाला आहे का? कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तर गेम आपोआप परत येणार का? यातल्या एकाही प्रश्नाला तोंडी आश्वासन मिळालं तर ते कागदावर मागावं, आणि कागदावर मिळत नसेल तर सही करू नये. गट लहान आहे, वकिलाची फी परवडत नाही, असं म्हणू नका. चार जणांनी मिळून ती भरा आणि करार दाखवूनच पुढे जा.